शाळेच्या टॅबमधील देखरेख सॉफ्टवेअर घरीही चालू असावे का?

सुरंगी (धागाकर्ती)

नमस्कार. आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या काठावर आहे आणि माझी मुलगी तिथल्याच माध्यमिक शाळेत नववीत शिकते. गावच्या मुंबईकर मंडळाने वर्गणी काढून गेल्या जूनमध्ये आठवी ते दहावीच्या मुलांना टॅब दिले. टॅब शाळेच्या मालकीचे आहेत आणि वर्षअखेरीस परत करायचे आहेत, पण अभ्यासासाठी ते घरी नेता येतात. वाटपाच्या दिवशी पालकांकडून एका कागदावर सही घेतली. 'टॅबमध्ये सुरक्षिततेसाठी आवश्यक ते सॉफ्टवेअर बसवलेले असून त्यास माझी संमती आहे', एवढे एकच वाक्य त्यावर होते. मुलांच्या वयाला न शोभणारी संकेतस्थळे उघडणार नाहीत, असा त्याचा अर्थ मी घेतला आणि सही केली. तेवढ्यापुरता माझा आजही या सॉफ्टवेअरला पूर्ण पाठिंबा आहे.

दिवाळीनंतरच्या पालकसभेत वर्गशिक्षकांनी प्रत्येकाच्या हातात पाल्याचा 'वापर अहवाल' छापून दिला. माझ्या मुलीच्या अहवालात एका चौकटीत तीन शोध ठळक केलेले होते. तिन्ही रात्री अकरानंतरचे होते आणि तिन्ही गर्भाशयातील गाठींविषयीचे होते. बाईंनी मला बाजूला घेऊन, अतिशय हळुवारपणे, मुलीला काही त्रास आहे का, असे विचारले. त्यांचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. पण ते शोध माझे होते. गणपतीनंतर तालुक्याच्या गावी माझी सोनोग्राफी झाली, कागदावर डॉक्टरांनी लिहिलेला शब्द मला कळला नाही, माझा फोन दुरुस्तीला दिलेला होता, म्हणून मुलगी झोपल्यावर मी तिचा टॅब उघडून वाचत बसले होते. घरात तेव्हा मी कोणालाच काही सांगितले नव्हते. तो कागद वर्गशिक्षकांनी वाचला होता, मुख्याध्यापकांनी वाचला होता आणि शाळेची संगणक खोली सांभाळणाऱ्या कंत्राटदाराच्या माणसाने छापला होता. माझी मुलगी शेजारी उभी होती.

आमच्याकडे घरात एकच चांगले उपकरण असते आणि ते सगळ्यांचे असते, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. सासूबाई त्यावर कीर्तन ऐकतात, दीर समुद्राचा अंदाज पाहतात, मुलगी गणिताचे व्हिडिओ पाहते. अशा घरात 'विद्यार्थ्याचा वापर' म्हणून जे नोंदले जाते, तो खरे तर अख्ख्या घराचा वापर असतो.

दुसरीही एक तक्रार आहे. मुलीने विज्ञान प्रदर्शनासाठी काजूच्या बोंडांचा विषय घेतला होता. हंगामात बागेत बोंडांचा खच पडून कुजतो, त्याचे काय करता येईल, असा तिचा प्रश्न होता. बोंडाच्या रसापासून होणाऱ्या पदार्थांची माहिती देणारी जवळजवळ सर्व पाने टॅबवर 'मद्य' या कारणाखाली बंद निघाली. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातील तिसरा धडा, 'सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २', मानवी प्रजननावर आहे. त्यातील आकृत्या शोधणाऱ्या मोठ्या मुलींनाही हाच अनुभव आला. म्हणजे अभ्यासासाठी जे हवे ते अडते आणि रात्रीच्या खाजगी काळजीची मात्र नोंद होते.

अडवणे आणि टिपून ठेवणे या दोन गोष्टी मला मुळातच वेगळ्या वाटतात. दाराला कडी लावणे निराळे आणि घरात कोण काय बोलते ते वहीत लिहून घेणे निराळे. शाळेकडे काय मागावे आणि कोणत्या शब्दांत मागावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. मुलीने त्या दिवसापासून टॅब घरी आणणे बंद केले आहे.

कातळसडा

सुरंगीताई, मी कुडाळमध्ये संगणक जाळ्यांची कामे करतो आणि अशी सॉफ्टवेअरे काही संस्थांमध्ये बसवलेली आहेत, त्यामुळे आतला भाग सांगू शकतो. आपण केलेला भेद तांत्रिकदृष्ट्याही अगदी बरोबर आहे.

सर्वांत साधी गाळणी डीएनएसच्या पातळीवर चालते. संकेतस्थळाचे नाव टाकले की उपकरण त्याचा आकडी पत्ता विचारते आणि गाळणी करणारा सर्व्हर नको असलेल्या नावांना पत्ताच देत नाही. क्लाउडफ्लेअर या कंपनीची १.१.१.३ ही मोफत सेवा याच प्रकारची आहे. शाळेच्या राउटरमध्ये हा पत्ता भरला की शाळेच्या वायफायवर असलेल्या सर्व उपकरणांना अश्लील आणि घातक संकेतस्थळे बंद होतात. कोणत्या मुलाने काय पाहिले, याचा अहवाल शाळेत कोणालाही मिळत नाही आणि टॅब घरी गेला की ही गाळणी मागे राहते.

दुसरा प्रकार टॅबच्या आत बसतो. शाळेला सर्व टॅब एका जागेवरून हाताळता यावेत म्हणून व्यवस्थापनाचे एक ॲप घातलेले असते आणि त्याच्या जोडीला गाळणीचे ॲप किंवा ब्राउझरमधील जोडणी असते. हे टॅबबरोबर घरी येते आणि तुमच्या हॉटस्पॉटवरही तितकेच काम करते. तुमच्या बाबतीत हेच झाले आहे. शोधाचे शब्द, वेळ आणि उघडलेली पाने त्याला दिसतात आणि ती कंपनीच्या सर्व्हरवर साठतात.

तिसरा प्रकार सर्वांत खोल जातो. आज बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएस या सांकेतिक जोडणीने कुलूपबंद असतात, त्यामुळे मधल्या कोणालाही फार तर संकेतस्थळाचे नाव कळते, पानावर काय वाचले ते कळत नाही. ते वाचायचे असेल तर टॅबमध्ये कंपनीचे स्वतःचे मूळ प्रमाणपत्र, म्हणजे 'या कंपनीवर विश्वास ठेव' असे टॅबला सांगणारी डिजिटल फाइल, घालावे लागते. मग कुलूप वाटेत उघडून, आत पाहून, पुन्हा लावता येते. अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीपासून बहुतेक ॲप अशा बाहेरून घातलेल्या प्रमाणपत्रावर आपणहून विश्वास ठेवत नाहीत, पण क्रोम ब्राउझर ठेवतो. म्हणून ब्राउझरमधून उघडलेली ईमेल किंवा बँकेची पाने अशा टॅबवर उघडू नयेत, हे माझे स्पष्ट सांगणे आहे.

आपल्या टॅबमध्ये यांतले काय आहे, ते घरीच पाहता येते. सेटिंग्जमध्ये सुरक्षा या भागात 'ट्रस्टेड क्रेडेन्शियल्स' शोधावे आणि त्यात 'यूजर' या रकान्यात काही नाव दिसते का, ते पाहावे; दिसले, तर ते बाहेरून घातलेले प्रमाणपत्र आहे. 'डिव्हाइस ॲडमिन', म्हणजे टॅबवर ताबा दिलेल्या, ॲपची यादी पाहावी. वरच्या पट्टीत किल्लीचे चिन्ह सतत दिसत असेल, तर सर्व वाहतूक व्हीपीएनच्या, म्हणजे मध्ये घातलेल्या एका आडवाटेने, गाळली जात आहे. व्यवस्थापित उपकरणात यातील काही पडदे बंद केलेले असू शकतात, पण बंद आहेत हेही एक उत्तरच आहे.

काजूच्या बोंडांबद्दल सांगायचे तर, या गाळण्या लाखो संकेतस्थळांना आधीच खाने पाडून ठेवतात आणि शाळा फक्त खाने चालू-बंद करते. खाना चुकला की सगळेच चुकते. वर उल्लेखलेली १.१.१.३ ही सेवा २०२० च्या एप्रिलमध्ये सुरू झाली तेव्हा समलिंगी व्यक्तींना आधार देणारी संकेतस्थळेही तिने अडवली होती. चुकीचा खाना निवडला गेल्याचे मान्य करून कंपनीला ते दुरुस्त करावे लागले. एवढ्या मोठ्या ठिकाणी हे होते, तर आपल्याकडे बोंडू 'मद्य' ठरला यात नवल नाही. बंद पडलेले पान शिक्षकाला स्वतः उघडून देता येईल, एवढी सोय बहुतेक सॉफ्टवेअरांत असते. ती कोणी वापरत नाही, ही खरी अडचण आहे.

दर्यावर्दी

मी व्यापारी जहाजावर नोकरी करतो आणि वर्षातील सात-आठ महिने घराबाहेर असतो. घरी पत्नी, वृद्ध आई आणि दहावीतला मुलगा आहे. मुलगा रात्री काय पाहतो, हे पत्नीला तंत्रज्ञानामुळे कळत नाही आणि मला अंतरामुळे कळत नाही. गेल्या वर्षी तो पैसे लावून खेळायच्या एका ॲपच्या नादी लागला आणि आईच्या खात्यातून रक्कम गेल्यावरच आम्हाला समजले. शाळेच्या टॅबवर देखरेख असती, तर हे पहिल्या आठवड्यात लक्षात आले असते. सुरंगीताईंच्या बाबतीत जे घडले ते चुकीचेच आहे आणि त्याचे मला वाईट वाटते. तरीही माझ्यासारख्या पालकांच्या वतीने विनंती आहे की देखरेख पूर्णपणे काढून टाकण्याची मागणी करू नये. घरात पाहणारा मोठा माणूस नसणे ही आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांची स्थिती आहे.

फळा-खडू

मी सिंधुदुर्गातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि गेली दोन वर्षे आमच्या शाळेतील अशाच सॉफ्टवेअरची जबाबदारी माझ्याकडे आहे. शिक्षकाच्या बाजूने काय दिसते, ते सविस्तर लिहिते, कारण या चर्चेत ती बाजू क्वचितच येते.

आमचे सॉफ्टवेअर केवळ संकेतस्थळे अडवत नाही, तर मुलांनी शाळेच्या खात्यावरून लिहिलेला मजकूरही तपासते आणि 'धोका' वाटल्यास माझ्या फोनवर इशारा पाठवते. ते मुळात इंग्रजीसाठी घडवलेले आहे. मराठी ते कसे वाचते, हे पहिल्याच महिन्यात समजले. त्या महिन्यातील बहुतेक इशारे 'मेल्या' या एका शब्दामुळे आले होते. 'मेल्या, खंय होतंस?' हे वाक्य आमच्याकडे मित्र मित्राला दिवसातून दहा वेळा म्हणतो आणि आजी नातवाला मायेने म्हणते. यंत्राला त्यात मृत्यू दिसला. 'जीव गेला नुसता चालून', 'आईने मारूनच टाकले असते' अशी वाक्येही लाल रंगात आली. उलट एका मुलीला रोमन लिपीत मराठी लिहून वर्गातील मुले आठवडाभर घाणेरडे बोलत होती, त्यातले एक अक्षरही यंत्राने पकडले नाही. ते मला तिच्या मैत्रिणीने येऊन सांगितले.

आता ज्या घटनेमुळे मी हे लिहिते आहे, ती सांगते. मागच्या जुलैमध्ये एका मुलाने रात्री पावणेदोनला टॅबवर जे लिहिले, ते खरोखरच काळजी करण्यासारखे होते. या वेळी यंत्र चुकले नव्हते. इशारा निघाला. पण त्या रात्री वादळी वाऱ्याने वीज गेलेली होती, टॉवर बंद पडला होता आणि माझ्या फोनला रेंज नव्हती. मी तो इशारा सकाळी नऊ वाजता, शाळेच्या पायरीवर वाचला. मुलाच्या आईला पहाटेच जाग आली होती, तिने त्याला जवळ घेतले होते, त्यामुळे तो सुखरूप होता. त्या सात तासांचा विचार माझ्या मनातून अजूनही जात नाही. 'यंत्र पाहत आहे' या भरवशावर शाळा निर्धास्त होती, घरचेही निर्धास्त होते आणि प्रत्यक्षात कोणीच पाहत नव्हते.

तेव्हापासून आम्ही दोन गोष्टी केल्या. शाळेच्या वेळेनंतर इशारे वाचले जाणार नाहीत, हे पालकांना लेखी कळवले. आणि टॅबच्या पहिल्याच पडद्यावर टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ आणि चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा १०९८ हे क्रमांक ठेवले, जिथे रात्रीही माणूस उत्तर देतो.

दर्यावर्दी, आपली काळजी मला पूर्ण समजते. परंतु आपल्याला हवी आहे ती पालकाची देखरेख आहे. ती घरच्या फोनवर गुगलच्या फॅमिली लिंकसारख्या मोफत ॲपने करता येते आणि मुलाला सांगून करता येते. पैशाचे खेळ शाळेच्या टॅबवर सरळ बंद ठेवावेत, त्यासाठी त्याचे शोध साठवण्याची गरज नाही. तीस-चाळीस घरांच्या रात्री एका शिक्षिकेच्या फोनवर याव्यात, हे ना मुलांच्या हिताचे आहे ना शिक्षिकेच्या.

ओहोटी

मी आता मुंबईत पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीत असताना आमच्याही शाळेच्या टॅबमध्ये असे सॉफ्टवेअर होते. ज्यांना काही चुकीचे पाहायचे होते, ती मुले दुसऱ्याच्या फोनवर पाहत होती. टॅब कोणी त्यासाठी वापरतच नव्हते. मला मात्र त्या वर्षी वडिलांच्या दारूविषयी कोणाशी तरी बोलायचे होते. व्यसनमुक्तीची माहिती मी टॅबवर शोधायला घेतली आणि वर्गात हे छापून येईल, या भीतीने पुसून टाकली. माझ्याकडे दुसरे उपकरण नव्हते. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन असतो त्यांना खाजगीपणा आपोआप मिळतो आणि ज्यांच्याकडे फक्त शाळेचा टॅब असतो त्यांच्यावरच ही पाळत राहते, हे कृपया शाळेला सांगावे.

तांबडी माती

मी अलिबागला वकिली करतो. सुरंगीताईंनी शब्द मागितले आहेत, म्हणून कायद्यातील नेमके शब्द देतो.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ याच्या कलम ९ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकाची पडताळणी करता येईल अशी संमती लागते आणि मुलांचा माग काढणे किंवा त्यांच्या वर्तनावर देखरेख ठेवणे यास मनाई आहे. शाळांना यातून सूट आहे, पण ती मर्यादित आहे. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अधिसूचित झालेल्या नियमांच्या चौथ्या अनुसूचीनुसार ही सूट संस्थेच्या शैक्षणिक कामापुरती किंवा त्या संस्थेत दाखल असलेल्या मुलांच्या सुरक्षिततेपुरती आहे. 'दाखल असलेल्या मुलांच्या' हे शब्द महत्त्वाचे आहेत. सुरंगीताई शाळेत दाखल नाहीत. त्यांच्या आजाराविषयीचे शोध हे एका प्रौढ स्त्रीची माहिती आहे आणि मुलीच्या टॅबसाठी दिलेल्या सहीने ती सूट त्यांच्यापर्यंत ताणता येत नाही, असे माझे मत आहे. अधिनियमातील मुख्य जबाबदाऱ्या नियमांच्या अधिसूचनेनंतर अठरा महिन्यांनी अमलात येणार आहेत, त्यामुळे आज लगेच दंडाची भाषा करण्यात अर्थ नाही. मात्र खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजीच सांगितलेले आहे आणि त्यासाठी कोणत्याही तारखेची वाट पाहावी लागत नाही.

शाळा कदाचित म्हणेल की परदेशात सगळीकडे असेच चालते. तसे नाही. अमेरिकेत २००० सालच्या कायद्याने केंद्राची इंटरनेट सवलत घेणाऱ्या शाळांना गाळणी सक्तीची केली, पण त्याच कायद्यात असेही लिहिले आहे की ओळख पटेल अशा कोणाही मुलाच्या वा प्रौढाच्या वापराचा माग काढणे या कायद्याने आवश्यक ठरत नाही. पेनसिल्व्हेनियातील लोअर मेरियन येथे शाळेने दिलेल्या लॅपटॉपचे कॅमेरे दूरून चालू होऊन मुलांची घरातील छायाचित्रे टिपली गेली. छायाचित्रांची संख्या पन्नास हजारांवर निघाली आणि २०१० मध्ये शाळेला ६ लाख १० हजार डॉलर देऊन तडजोड करावी लागली. मिनेसोटा राज्याने २०२२ मध्ये कायदा करून शाळेच्या उपकरणाचा कॅमेरा, ठिकाण आणि ब्राउझिंग पाहण्यावर मर्यादा घातल्या. अपवाद म्हणून पाहिलेच, तर ७२ तासांत पालकांना कळवावे लागते. आपल्या शाळेकडे मागण्यासारखी ही एक गोष्ट आहे.

साठवलेल्या माहितीचे काय होते, हेही शाळेने पाहावे. २०२५ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील व्हँकुव्हरच्या शाळांकडून पत्रकारांनी अशा सॉफ्टवेअरच्या नोंदी मागितल्या, तेव्हा जवळजवळ साडेतीन हजार कागदपत्रे मुलांची नावे न झाकताच त्यांच्या हाती पडली. त्यांत मुलांनी विश्वासाने लिहिलेली दुःखे होती. जे साठवलेच नाही ते कधी बाहेर पडत नाही, म्हणून साठवणुकीची मुदत हा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा मुद्दा आहे. शाळेला द्यायच्या पत्रात तो पहिला घ्यावा.

सुरंगी (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मध्ये शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याची गडबड होती. आता घरातही सर्वांना सांगितले आहे.

कातळसडा यांनी सांगितल्याप्रमाणे शाळेत जाऊन टॅब तपासला. किल्लीचे चिन्ह होते आणि 'यूजर' रकान्यात कंपनीच्या नावाचे प्रमाणपत्रही होते. मुख्याध्यापकांना ते दाखवले, तेव्हा त्यांनाही ते ठाऊक नव्हते, असे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. कंत्राटदाराने जे सर्वांत महाग होते ते बसवले आणि सर्व खाने चालू करून दिले, एवढीच माहिती त्यांना होती. त्यांना दोष द्यावा, असे मला वाटत नाही. मुलांना काही होऊ नये, या एकाच विचाराने त्यांनी ते घेतले होते.

आम्ही अकरा पालकांनी सहीचे पत्र दिले आणि शाळा व्यवस्थापनाच्या बैठकीत त्यावर दोन तास चर्चा झाली. संध्याकाळी सहा ते सकाळी सात आणि सुट्टीच्या दिवशी नोंद बंद ठेवायची, गाळणी मात्र चालू ठेवायची, हे मान्य झाले. प्रमाणपत्र काढायचे ठरले. छापील अहवाल बंद होतील आणि एखाद्या मुलाबद्दल खरीच काळजी वाटली, तर वर्गशिक्षक त्या मुलाशीच प्रथम बोलतील. ओहोटी यांचा प्रतिसाद मी बैठकीत शब्दशः वाचून दाखवला. त्यानंतर बराच वेळ कोणी काही बोलले नाही आणि व्यसनमुक्ती, आजार आणि मानसिक त्रास यांविषयीचे शोध नोंदीतून पूर्ण वगळावेत, हा मुद्दा एका सदस्यांनी स्वतःहून मांडला. संमतीपत्र नव्याने मराठीत लिहिले जाईल आणि त्यात घरातील इतरांच्या वापराचा स्पष्ट उल्लेख असेल. काजूच्या बोंडांची पाने विज्ञानाच्या सरांनी त्याच दिवशी उघडून दिली.

जुन्या नोंदींचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. करारानुसार त्या दोन वर्षे ठेवायच्या आहेत, असे कंत्राटदार म्हणतो. शाळेने त्या पुसण्याविषयी त्याला पत्र पाठवले आहे. तांबडी माती यांनी सांगितलेल्या मुद्द्याच्या आधारे माझ्या स्वतःच्या नोंदींबाबत मी वेगळे पत्रही दिले आहे, त्याचे उत्तर आले की इथे लिहीन.

मुलगी अजून टॅब घरी आणत नाही. बोंडांचा प्रकल्प तिने शाळेतच थांबून पूर्ण केला आणि ती शेवटच्या एसटीने परत येते.